निवडणूक घेतली नाही मुंबईने, पैसा अडला जिल्ह्याचा

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथील बैठकीतील भाषण)



ज्वारीची कामे टाकून आलात, तेव्हा लांबण लावत नाही.

घरी गेल्यावर शेतसाऱ्याची पावती काढून बघा. सारा नावापुरता, पण त्याच्या खाली जिल्हा परिषदेचा उपकर आहे, ग्रामपंचायतीचा उपकर आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती वेगळीच. म्हणजे जिल्हा परिषद ही कुणी आपल्याला बांधून दिलेली धर्मशाळा नव्हे. तरीही मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि आपली सोलापूरची जिल्हा परिषद वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हातात राहिली. सदस्य नाही, सभापती नाही. पाझर तलाव फुटला तर जाब कुणाला विचारायचा? साहेबाला विचारावा, तर साहेबाची बदली झालेली.

घटनेत याला जागा आहे का? 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तिच्यातले कलम 243-ई सांगते की, पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. 'सवडीने' हा शब्द त्यात कुठे नाही. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला हे खरे. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका उरका असे फर्मावले. तेही चार महिने पुरले नाहीत. पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंतची मुदत द्यावी लागली.

आता दिल्लीचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये सुचवले. आपल्या राज्यात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला 10, जिल्हा परिषदेला 10. पण अट अशी की, निवडून आलेले सभागृह असेल तरच पैसा. 2025-26 मध्ये अबंधित निधीचा हप्ता सुटला, तेव्हा महाराष्ट्रातल्या 34 जिल्हा परिषदांपैकी पात्र ठरल्या 2 आणि 351 पंचायत समित्यांपैकी 15. बाकी सगळ्या कोरड्या. तमिळनाडूतही आधीच्या आयोगाच्या काळात असेच झाले होते.

दुसरी अट खर्चाची. 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरच. पाणंद रस्ता चिखलात बुडालेला असला तरी त्या पैशाला हात लावायचा नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस आपला, पण कुठे घालायचा ते सरकार ठरवायचे. तसलाच हा प्रकार.

मग दिल्लीला हा अधिकार दिला कुणी? स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत आहे, नोंद 5. पंचायतीबद्दल संसदेला साधा कायदा करता येत नाही, म्हणून तर घटनादुरुस्ती करावी लागली. 1989 साली 64 वे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडले. राज्यांना ओलांडून दिल्ली थेट गावात शिरते आहे, हा त्यावरचा मोठा आक्षेप होता. 73 व्या दुरुस्तीने कलम 280 मध्ये जी भर घातली, तिचे शब्द म्हणूनच सावध आहेत. केंद्राच्या वित्त आयोगाने राज्याचा एकत्रित निधी वाढवण्याचे उपाय सुचवायचे, त्यातून पंचायतींना पुरवणी मिळायची, आणि तीही राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींच्या आधारे.

बांध एवढा उंच घातला, पण त्याला एक मोरी ठेवली. ती म्हणजे कलम 282. ज्या विषयावर कायदा करता येत नाही, त्यासाठीही सार्वजनिक कामाला अनुदान देता येते. खासदार निधीला आव्हान दिले गेले तेव्हा, 2010 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मोरी चांगली रुंद असल्याचे सांगितले. कायदा करायला दिल्लीला मनाई, पैसा द्यायला नाही. आणि पैशामागून अट येतेच.

काही मित्र म्हणतात, दिल्लीने एकही अट घालू नये. मला ते पटत नाही. निवडणुकीची अट घटनेचीच आहे, ती दिल्लीने शोधून काढलेली नाही. पण शिक्षा कुणाला झाली बघा. कर्ज काढले पाटलाने आणि जप्ती आली गड्याच्या घरी! निवडणूक लांबली ती वर, पैसा गेला तालुक्याचा. कर्त्या सवरत्यांचा एक रुपया बुडाला नाही.

आणि नुसते दिल्लीकडे बोट दाखवून मुंबई सुटत नाही. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत: शेती, लघुपाटबंधारे, रस्ते. ते पंचायतींना द्यायचे की नाही, हे कलम 243-जी ने विधिमंडळावर सोडले. 'देऊ शकेल', एवढेच तिथे लिहिले आहे. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे मात्र 243-आय प्रमाणे बंधनकारक आहे. त्या आयोगाचे अहवाल किती जणांनी पाहिलेत? हात वर करा. बघा, एकही नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी करा. पंचायतीकडून बंधित आणि अबंधित निधीचा जमाखर्च वेगवेगळा वाचून घ्या. आणि ठराव करा की, निवडणूक न झाल्यामुळे दक्षिण सोलापूर पंचायत समितीचा आणि जिल्हा परिषदेचा जो वाटा अडला, तो राज्याने आपल्या तिजोरीतून भरून द्यावा. ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.