एका जवनिकेचे हृदय



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे कलाशाखेचे पदवीधर आहोत. परंतु ज्या आजाराचे नाव ऐकताच आईबापांचा धीर सुटतो, त्याविषयी साध्या भाषेत बोलणे हे समाजकार्यच आहे, असे आम्ही मानतो.

निरोगी हृदयाला दोन जवनिका असतात. एक अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे ढकलते, दुसरी शुद्ध रक्त सर्वांगाला पुरविते. काही बालकांत जन्मतःच यांतील एक खुंटलेली असते. मग दोन्ही रक्ते एकत्र मिसळतात. बाळाचे ओठ, नखे निळसर दिसतात. दूध पिताना धाप लागते. हा कुणाच्या नजरेचा वा ग्रहांचा दोष नव्हे.

शस्त्रक्रियेने दुसरी जवनिका तयार करता येत नाही. म्हणून अशुद्ध रक्ताच्या शिरा टप्प्याटप्प्याने थेट फुप्फुसाच्या रोहिणीला जोडतात. बऱ्याच बालकांवर पहिली शस्त्रक्रिया जन्मानंतर काही दिवसांतच होते. दुसरी, 'ग्लेन', साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात आणि तिसरी, 'फोन्तां', दोन ते चार वर्षांच्या वयात करतात. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फोन्तां यांनी ती १९६८ साली प्रथम केली.

पहिल्या टप्प्यात अनेकदा वापरली जाणारी जोडवाट १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निळ्या पडणाऱ्या बालकांसाठी प्रथम केली गेली. तिचे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध करणारे व्हिव्हियन थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांना वैद्यकीय पदवी नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून ते मार्गदर्शन करीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तीही १९७६ साली!

आता पुढील आयुष्याविषयी. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७३ ते २०१२ या काळातील १,०५२ फोन्तां रुग्णांचा आढावा घेतला. एकूण रुग्णांत दहा वर्षे जगण्याचे प्रमाण ७४ टक्के आणि तीस वर्षे जगण्याचे ४३ टक्के आढळले. परंतु २००१ नंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत दहा वर्षे जगण्याचे प्रमाण ९५ टक्के होते. म्हणजे आशेला भक्कम आधार आहे.

तथापि हा आजार शस्त्रक्रियेने संपत नाही. फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा पंप नसल्याने शिरांतील दाब कायम वाढलेला राहतो. त्यातून पुढे यकृत कडक होणे, ठोक्यांची लय बिघडणे, आतड्यांतून प्रथिने वाया जाणे असे त्रास उद्भवू शकतात. काहींना हृदयरोपणाचीही गरज पडते.

मूल हसू-खेळू लागले की घरची मंडळी तपासणी बंद करतात. बंधू-भगिनींनो, घात होतो तो इथेच! पासबुक जपतो तशी मुलाची फाईल जपा. औषधे मनाने बंद करू नका. मुलगी आहे म्हणून पुढची शस्त्रक्रिया टाळू नका. पैशाअभावी घरी बसू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांची तपासणी आणि मोफत उपचारांची तरतूद आहे. अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या पथकाला मूल अवश्य दाखवा.

ज्यांना फॉर्म भरता येतो, त्यांनी शेजाऱ्याचा फॉर्म भरून द्यावा; ज्यांना रजा मिळते, त्यांनी एकदा तरी त्याच्यासोबत रुग्णालयात जावे. एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.