एकोणचाळीसचा हिशेब



कारंजा-मानोऱ्याकडे पऱ्हाटी फुलावर आली की जरा थांबून बघा. गावरान कपाशीचं फूल पिवळं, तळाशी बहुधा गडद लाल ठिपका. अमेरिकन कपाशीचं, म्हणजे आपल्या बीटीचं, दुधाळ. दुसऱ्या दिवशी गुलाबी पडणारं. बाकी बोंड, रुई, सरकी, सगळं एका घरातलं. मग दोघींचा संकर का करू नये?

करून बघा. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी धरायची, पाकळ्या सोलून नखानं पुंकेसर काढायचे, कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसरीचे परागकण घासायचे. बोंड बहुतेक वेळा गळतंच. चुकूनमाकून रोप हाती आलं तर ते वाढतं, फुलतं, पण सरकी धरत नाही. खेचरासारखी गत!

अडचण मोजणीत आहे. गावरानच्या पेशीत गुणसूत्रं २६, अमेरिकनच्या ५२. दोन्हींकडून निम्मी आली, १३ आणि २६, झाली ३९. परागकण तयार होताना प्रत्येक गुणसूत्र जोडीदार शोधतं. इथं १३ जोड्या लागतात आणि उरलेली १३ मांडवात एकटीच उभी. ती वाट्टेल तशी विखुरतात, पराग वांझ निघतात.

पण त्या १३ जोड्या तरी कशा जुळल्या? कारण अमेरिकन कपाशी मुळात स्वतःच संकर आहे, तिची निम्मी गुणसूत्रं गावरानच्याच घराण्यातली. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या गावरानची एक लांबची नातलग अमेरिकेत पोचली आणि तिथल्या रानकपाशीशी तिचा संकर झाला. तोही वांझच असणार. पण कुठंतरी गुणसूत्रं दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि नवी प्रजाती उभी राहिली, आईशीही न जुळणारी, बापाशीही नाही. १९४० साली बीझली या अमेरिकन शास्त्रज्ञानं गावरानच्या प्रजातीचा रानकपाशीशी संकर केला आणि कोल्चिसीन वापरून गुणसूत्रं दुप्पट केली. ते झाड अमेरिकन कपाशीशी जुळलं! हे कोल्चिसीन आपल्या कळलावीच्या कंदातही असतं.

जाता जाता एक. बीटीची सरकी वांझ असते, पेरली तर उगवत नाही, असं पारावर ऐकू येतं. उगवते हो. तिचे आईबाप दोघंही ५२चेच. फक्त दुसऱ्या वर्षी तास एकसारखा दिसत नाही. एक झाड कमरेला, शेजारचं गुडघ्याला.