फोनचे चार्जिंग जाते कुठे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचे सोडून हा माणूस मोबाईलवर काय बोलायला उभा राहिला, असे काही जणांच्या मनात आले असेल. कारण सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. वावरात काय पेरले ते आपणच फोनवर नोंदवायचे आणि वावरात उभे राहून फोटो काढायचा. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. बँकेचा ओटीपीही फोनवरच येतो. पिकाची नोंद राहून गेली तर पुढे दारोदार खुलासे आपल्यालाच करत बसावे लागतात. म्हणजे फोन ही आता चैन राहिली नाही. डवऱ्यासारखे, पंपासारखे ते अवजार झाले. आणि हे अवजार नेमके दुपारी वावरात मान टाकते.

मग आपण काय करतो? बाजाराच्या दिवशी दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली. नवी टाकतो. महिनाभरात पुन्हा तेच. मग तो म्हणतो, फोनच जुना झाला. पुन्हा खर्च, तोही बहुतेक वेळा हप्त्याने.

कपाशीवर लाल्या आला की आपण असेच करतो. पान लाल दिसले की कृषी केंद्रात धाव, आणि जी बाटली मिळेल तिची फवारणी. पण लाल्या हे लक्षण आहे. मॅग्नेशियम कमी पडले तरी पान लाल होते, नत्र कमी पडले तरी होते, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होते, पाण्याचा ताण पडला किंवा रात्री थंड झाल्या तरी होते. कारण न शोधता मारलेली बाटली पैसे घेऊन जाते, पान लालच राहते. बॅटरी लवकर उतरणे हेही लक्षण आहे. आधी निदान, मग खर्च.

उपसा, पाझर आणि गाळ

शेततळे लवकर आटते त्याची कारणे तीन. उपसा जास्त असतो, तळाला पाझर असतो, किंवा गाळ साचून तळेच लहान झालेले असते. फोनचेही हेच तीन प्रकार आहेत.

पहिला उपसा. फोनमध्ये सर्वांत मोठा खाणारा म्हणजे पडदा. भर उन्हात पडदा दिसावा म्हणून फोन आपला उजेड आपोआप कमाल करतो. सावलीत पुरणारी बॅटरी उन्हात पुरत नाही ती यामुळे. झाडाखाली जाऊन फोन पाहिला तरी फरक पडतो. सकाळी उठल्यापासून आलेल्या फुलांच्या आणि देवाच्या चित्रफिती आपोआप उतरवून घेणे, हाही उपसाच. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येते.

दुसरा पाझर, आणि कोरडवाहू गावांत खरे दुखणे बहुधा इथेच असते. फोन खिशात असला तरी तो टॉवरशी बोलत राहतो. टॉवर जवळ असेल तर हळू आवाजात बोलतो, लांब असेल तर ओरडून बोलतो. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद लागते. मध्ये टेकडी, झाडी किंवा जाड मातीच्या भिंती आल्या तर त्याहून जास्त. सिग्नलची एकच काडी दिसत असेल किंवा ती येत-जात असेल, तर फोन दिवसभर टॉवर शोधत हिंडतो आणि त्यातच दमतो. दोन सिमकार्डे असतील आणि त्यातल्या एकाला गावात रेंजच नसेल, तर ते सिम विनाकारण चारा खाते. गावात असेपर्यंत ते बंद ठेवा, तालुक्याला गेलात की चालू करा. फाइव्ह-जी येऊन-जाऊन असेल तिथे सेटिंगमध्ये फोर-जी निवडा.

तिसरा गाळ. आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली ती पहिल्यांदा बाजारात आली. तिचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही बॅटरी भरताना-उतरताना आत एक थर साचत जातो आणि तेवढे लिथियम कामातून जाते. साधारण पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर तिची धारणा ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते असा बऱ्याच फोनांचा हिशेब असतो, चांगल्या बॅटऱ्या जास्त टिकतात. शंभर टक्के वापरले की एक फेरी, मग ते एका दमात वापरा की दोन दिवसांत. रोज एक फेरी धरली तर पाचशे फेऱ्यांना सोळा महिने लागतात. पाझरामुळे रोज दोन फेऱ्या झाल्या तर आठच महिने. पाझर बुजवला नाही तर गाळही दुप्पट वेगाने साचतो, तो असा.

विजेच्या बिलाची काळजी मात्र करू नका. पाच हजार एमएएचची बॅटरी एकदा भरायला, चार्जरमधली घट धरूनही, साधारण पंचवीस वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा फोन भरतो. वर्षभर रोज भरला तरी नऊ-दहा युनिट. नुकसान विजेचे होत नाही, बॅटरीच्या आयुष्याचे होते.

गाळ वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता. पस्तीस अंशांच्या वरची हवा या बॅटरीला मानवत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस होते. त्यात आपण फोन ट्रॅक्टरवर उन्हात ठेवतो, किंवा पत्र्याच्या खोलीत उशीखाली ठेवून चार्जिंगला लावतो. फोन सावलीत, मोकळ्या हवेत भरा. तापला तर काही वेळ बंद ठेवा. फ्रिजमध्ये किंवा माठावर ठेवू नका, आत ओल धरते.

दोन रात्रींची परीक्षा

आता निदान कसे करायचे ते सांगतो. एक पैसा लागत नाही.

पहिले, सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडा. कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले याची यादी तिथे असते. रोज वापरता ते ॲप वर असेल तर ठीक. जे तुम्ही आठवडाभर उघडले नाही ते वर दिसले, तर चोर सापडला. ते काढून टाका किंवा त्याचा पडद्याआडचा वापर बंद करा. ज्याचा निरोप वेळेवर हवा, ते ॲप मात्र बांधून ठेवू नका. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरात असतानाच' एवढीच ठेवा. पीक पाहणीला लोकेशन लागते, पण पाहणी झाली की ते बंद करायला विसरू नका.

दुसरे, रात्री झोपताना टक्के पाहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सकाळी उठून पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री फोन विमान मोडवर ठेवा, म्हणजे टॉवरशी त्याचे बोलणे बंद होते, आणि पुन्हा दोन्ही आकडे लिहा. विमान मोडमध्ये रात्रभरात दोन-चार टक्केच गेले आणि आदल्या रात्री पंधरा-वीस गेले असतील, तर बॅटरी बहुधा ठीक आहे. पाझर टॉवरचा किंवा ॲपचा आहे. दोन्ही रात्री सारखेच भरपूर गेले, किंवा तीस टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद पडतो, तर गाळ साचला असे समजा. तेव्हा बॅटरी बदलायला हरकत नाही. बदलताना त्याच मॉडेलची, पावतीसह घ्या.

तिसरे, बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले असेल, तर फोन त्या क्षणापासून वापरू नका, चार्जिंगला लावू नका. टोचू नका, दाबू नका, चुलीत तर अजिबात टाकू नका. पेट घेते. पोरांच्या हातात राहील अशी ठेवू नका.

काही गैरसमजही काढून टाकू. बॅटरी शून्यावर आणून मगच भरावी, हे जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचे शास्त्र होते. लिथियमला वीस ते ऐंशीच्या मध्ये राहणे बरे. दर दहा मिनिटांनी सगळी ॲप पुसून टाकण्यानेही फायदा नाही, पुन्हा उघडताना ती जास्त खातात. आणि 'बॅटरी वाचवा' म्हणणारी फुकटची ॲप बहुतेक जाहिराती दाखवतच बॅटरी खातात. कुंपणानेच शेत खाल्ले, म्हणायचे. फोनमध्ये मुळातच बॅटरी सेव्हर असतो, तो पुरेसा आहे. दहा हजारांची पॉवर बँक पाच हजारांचा फोन दोनदा भरेल हाही हिशेब खोटा. घट जाऊन दीडच्या आतबाहेर भरतो. विकत घेताना तेवढेच धरा.

जे आपल्या हातात नाही

इतके केल्यावर एक गोष्ट उरते. टॉवरचा दोष फोनच्या माथी मारून आपण दर दोन वर्षांनी फोन बदलत बसायचे, हे चालणार नाही. नोंदणी फोनवरच करा म्हणणाऱ्याने फोन चालेल एवढी रेंज आणि भरेल एवढी वीज देणे ही त्याची जबाबदारी आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला. नव्या फोनची बॅटरी आठशे फेऱ्यांनंतरही किमान ऐंशी टक्के धारणा ठेवणारी असली पाहिजे आणि दुरुस्तीचे भाग मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. तिथल्या गिऱ्हाइकाला जे मिळते ते आपल्याला का नको? दुकानात फोन घेताना विचारा, ही बॅटरी किती फेऱ्यांची? दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण शंभर जणांनी विचारले तर तो कंपनीला विचारील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोन रात्रींचे चार आकडे लिहून आणा. सोबत आपल्या शिवारातल्या ज्या गटांत रेंज मिळत नाही, त्यांचे गट नंबर आणा. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो घरधनी वावरात नेतो, त्या घरातल्या बहिणींनी ओटीपीसाठी किती वेळा खोळंबा झाला तेही सांगावे. गावोगावचे आकडे एकत्र केले की दुखणे आपल्या फोनचे किती आणि टॉवरचे किती, ते कागदावर दिसेल. मग तो कागद घेऊन तहसीलवर जाऊ. आकडे हातात असले की साहेबाला 'तुमचा फोनच जुना आहे' असे म्हणून आपल्याला परत पाठवता येणार नाही.