पडद्यावरील रंगाची पारख

खोपटच्या एस्. टी. स्थानकाजवळील एखाद्या छायाचित्रकाराची कल्पना करा. संगणकाच्या पडद्यावर वधूची पैठणी डाळिंबी दिसते. आल्बम छापून येतो तों ती विटकरी! वधूपिता आल्बम परत करतो आणि खर्च छायाचित्रकाराच्या माथीं बसतो. डोळा सभोंवतालच्या उजेडाला सरावतो. त्याची साक्ष येथें पुरी पडत नाहीं. साक्षीला यंत्र हवें.

१९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें सर्वसामान्य मानवी दृष्टीचे आंकडे ठरविले. हीं यंत्रें त्यांच्याच आधारें रंग मोजतात. त्यांच्या जाती दोन. कलरीमीटर रंगीत फिल्टरांतून प्रकाश मोजतो. तो स्वस्त, जलद व गडद छटांत भरंवशाचा, परंतु पडद्याच्या जातीप्रमाणें त्याला योग्य दुरुस्ती द्यावी लागते. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचें पृथक्करण करतो, छापील कागदही मोजतो. मात्र तो महाग, आणि गडद छटांत उणा.

ज्याचे आल्बम बाहेरच्या लॅबमध्यें छापले जातात, त्यानें कलरीमीटर घ्यावा व लॅबकडून कागदाची प्रोफाइल मागावी. जो स्वतः छापतो, त्यालाच दुसरें यंत्र उपयोगी. मोजणीपूर्वीं पडदा अर्धा तास चालूं ठेवावा, श्वेतबिंदु ६५०० केल्व्हिन धरावा, आणि दरमहा मोजणी पुनः करावी. पडदा खरें बोलूं लागला, कीं छापण्यापूर्वींच चूक दिसते, आणि आल्बम परत येण्याचा प्रसंग टळतो.