तालिका बिघडली, तरी ग्रंथ शाबूत
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



संगणकांच्या देखभालीत आयुष्य घालवलेल्या माणसाला आपण या व्यासपीठावर बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझा विषय ऐकावयास रुक्ष आहे. आभासी यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हरचा डेटाबेस बिघडल्याची शंका आली, तर तो पुन्हा कसा उभारावा? परंतु ज्यांनी या वास्तूत तालिकापत्रांचे खण चाळले आहेत, त्यांना तो परका वाटणार नाही.

पूर्वी एका कामास एक संगणक असे. आता एकाच मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदतात. व्हीएमवेअरच्या रचनेत त्या मोठ्या यंत्रावर ईएसएक्सआय ही प्रणाली चालते आणि अशा सर्व यंत्रांवर व्हीसेंटर नावाचा सर्व्हर देखरेख ठेवतो. कोणते आभासी यंत्र कोठे आहे, कोणास कोणता अधिकार आहे, कोणी केव्हा काय केले, हे सारे त्याच्या डेटाबेसात नोंदलेले असते. २०२० साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून या कामी पोस्टग्रेस्क्यूएल हा अंतर्भूत डेटाबेसच वापरला जातो. प्रत्यक्ष आभासी यंत्रे मात्र या डेटाबेसात नसतात; ती साठवणुकीच्या डिस्कवर फायलींच्या रूपाने असतात. म्हणजे व्हीसेंटर ही ग्रंथतालिका, आणि आभासी यंत्रे हे कपाटातले ग्रंथ.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत हे काम पाहत होतो. पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेली आणि सकाळी व्हीसेंटर उघडेना. नोंदींत डेटाबेसाचे एक पान अवैध असल्याचा संदेश दिसला. वरिष्ठांचा फोन आला, "सगळे गेले का?" मी प्रत्येक मोठ्या यंत्रात थेट शिरून पाहिले. आभासी यंत्रे सुरळीत चालू होती. पगारपत्रकांचे काम थांबलेले नव्हते. एखादे मोठे यंत्र बंद पडल्यास त्यावरील आभासी यंत्रे दुसरीकडे सुरू करण्याची सोयही व्हीसेंटरवाचून चालते, कारण ती जबाबदारी ही यंत्रे आपसांत वाटून घेतात. बंद पडले होते ते भाराचे आपोआप वाटप आणि चालते यंत्र एकीकडून दुसरीकडे हलवण्याची सोय. एवढे कळले, तेव्हा निम्मी भीती ओसरली.

शहाणपण मात्र तेथेच संपले. बिघाडाची शंका आणि बिघाड या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पुष्कळदा डिस्क भरल्यामुळेच डेटाबेस बंद पडतो. जागा मोकळी केली की तो चालू होतो. कधी मूळ नोंदी ठीक असतात आणि फक्त त्यांची सूची बिघडलेली असते. २०१८ साली लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत संग्रहाच्या २.२८ या आवृत्तीत शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. जुन्या नियमाने लावलेल्या पोस्टग्रेस्क्यूएलच्या सूचीत नव्या नियमाने शोधू जाता असलेली नोंदही सापडेना. अशा वेळी सूची नव्याने बांधली की काम भागते. मूळ नोंदींचेच पान फाटले असेल, तरच प्रश्न गंभीर.

मी यांपैकी काहीच नीट तपासले नाही. व्हीसेंटर हेही बहुधा एक आभासी यंत्रच असते. ते बंद करून त्याची जशीच्या तशी प्रत काढणे हे माझे पहिले कर्तव्य होते. तसे न करता मी मूळ डेटाबेसावरच लेखनपूर्व नोंदी पुसून टाकणारी आज्ञा चालवली. ही आज्ञा शेवटच्या उपायाची आहे. डेटाबेस सुरू झाला. पण त्यातल्या नोंदी एकमेकींशी जुळेनात. मग बॅकअप शोधला. रोजचा बॅकअप ठरलेला होता, परंतु तो जेथे जात असे ती जागाच कित्येक महिन्यांपूर्वी भरली होती, आणि बॅकअपवरून उभारणी करून पाहण्याचे कोणास सुचले नव्हते.

अखेर नवे व्हीसेंटर बसवले आणि मोठी यंत्रे एकेक करून त्यास जोडली. आभासी यंत्रे जशीच्या तशी यादीत उमटली. ग्रंथ शाबूत होते. परंतु अधिकारांची वाटणी, गटवारी, सामाईक जाळ्याची मांडणी आणि आजवरच्या घडामोडींचा इतिहास परत आला नाही. जाळे पुन्हा बांधले, अधिकार लोकांना विचारून पुन्हा लिहिले. इतिहास कोणास विचारणार?

त्या सुमारास संस्थेतले एक आभासी यंत्र पुसले गेले होते, आणि ठपका एका कनिष्ठ सहकाऱ्यावर होता. ते कोणी पुसले, ही नोंद त्याच डेटाबेसात होती. मोठ्या यंत्रांवरच्या नोंदी तोवर जुन्या होऊन निघून गेल्या होत्या. त्याचा दोष सिद्ध झाला नाही, निर्दोषत्वही नाही. पुढे त्याने नोकरी सोडली. माझ्या घाईची किंमत त्याने मोजली, हे मी आज येथे सांगतो आहे; तेव्हा सांगितले नव्हते.

म्हणून क्रम असा धरावा. आधी हात आवरावा. मग प्रत काढावी. मग निदान करावे. जमल्यास प्रतीवर दुरुस्ती करून पाहावी. न जमल्यास बॅकअपवरून उभारावे. आणि नवी उभारणी शेवटी. बॅकअप तर अधूनमधून उघडून पाहावा, नपेक्षा तो आहे असे म्हणू नये.

आपल्या वाचनालयाची तालिका उद्या नष्ट झाली, तर कपाटांसमोर उभे राहून ती पुन्हा लिहिता येईल. परंतु कोणते पुस्तक कोणी भेट दिले, कोणत्या पिढीने काय वाचले, हे दाखलनोंदवही आणि देवघेवीच्या वह्यांतच आहे. त्यांच्या प्रती करून दुसऱ्या इमारतीत ठेवाव्यात आणि दरसाल पुस्तकमोजणीच्या वेळी त्या उघडून पाहाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.