बर्फाचं फूल

आज बचतीची वही, हप्ते, ठराव सगळं बाजूला ठेवूया. आज मी एका गाण्याबद्दल बोलणार आहे. गाणं जपानी आहे. आपल्याला त्यातला शब्द कळायचा नाही, पण गोष्ट नक्की कळेल.

माझ्या भाचीला कोरियन मालिकांचं वेड. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तर तिनं मोबाईल पुढं केला. म्हणाली, "मावशी, हे ऐक. मालिकेत हे कोरियन भाषेत आहे, पण मूळ गाणं जपानी आहे."

गाण्याचं नाव 'युकी नो हाना'. युकी म्हणजे बर्फ, हाना म्हणजे फूल आणि मधला 'नो' म्हणजे आपला 'चं'. बर्फाचं फूल! गायिका मिका नाकाशिमा. गीत सातोमी यांचं, चाल र्‍योकी मात्सुमोतो यांची. 1 ऑक्टोबर 2003 ला, थंडीच्या तोंडावर, त्याची सीडी निघाली. पुढं ते कोरियन आणि चिनी भाषेतही गायलं गेलं. 2019 मध्ये त्यावरून जपानी चित्रपट निघाला.

गाण्यात घडतं काय? फारसं काही नाही. दिवस मावळतोय, दोघं चालताहेत, हवेत गारठा आहे. त्या वर्षीचा पहिला बर्फ भुरभुरायला लागतो. तिला वाटतं, असंच याच्या शेजारी राहावं, हसणं-रडणं दोघांनी वाटून घ्यावं. बस, एवढंच. दागिना नाही, बंगला नाही. मागणं एकच, सोबतीचं.

गंमत म्हणजे गायिका मूळची कागोशिमाची. हा जपानचा पार दक्षिणेचा भाग. तिथं बर्फ क्वचित पडतो, ज्वालामुखीची राख मात्र अंगणात येऊन पडते. नववीपर्यंतचं शिक्षण झाल्यावर मिकानं शाळा सोडली आणि मिळेल ते काम केलं. 2001 मध्ये, अठराव्या वर्षी, एका मालिकेत तिला नायिकेचं काम मिळालं आणि त्याच मालिकेचं गाणंही तिनं गायलं. बर्फाचं फूल गायली तेव्हा ती वीस वर्षांची होती.

आता खरी गोष्ट ऐका. 2010 मध्ये तिला कानाचा त्रास सुरू झाला. नाकाच्या मागून कानाकडं एक नळी जाते. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. मिकाची नळी उघडीच राहायला लागली. अशा वेळी आपलाच आवाज, आपलाच श्वास कानात घुमत राहतो. मग सूर कसा सांभाळायचा? तिनं हे लपवलं नाही. लोकांना सांगितलं, कार्यक्रम थांबवले, उपचार घेतले. एप्रिल 2011 मध्ये नवं गाणं घेऊन ती परत आली.

हे भाचीनं सांगितलं आणि माझा हात परातीतच थांबला. माझी आई दोन वर्षं म्हणत होती, "कानात घुमतंय गं." मीच म्हणायचे, "वारं गेलं असेल, कापूस घाल." बैठका, बँक, प्रशिक्षण या धावपळीत मी तिला दवाखान्यात नेलंच नाही. गटातल्या वीस बायकांच्या आरोग्याची नोंद माझ्याकडं होती, आईची नव्हती. शेवटी नेलं, तेव्हा डाव्या कानाचं ऐकणं बरंच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर यायला हवं होतं.

म्हणून सांगते, कान घुमत असेल, दडा बसत असेल, कमी ऐकू येत असेल, तर अंगावर काढू नका. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि घरातली म्हातारी काही सांगत असेल, तर हातातलं काम ठेवून ऐका.

आता रोज संध्याकाळी मी आईच्या उजव्या बाजूला बसते. त्या कानानं तिला नीट ऐकू येतं. परवा तिला ते जपानी गाणं ऐकवलं. म्हणाली, "काय म्हणतीय ही?" मी म्हटलं, "शेजारी बस म्हणतीय."

आई म्हणाली, "मग बस की."