आरमाराची रसद कोणाच्या गोदीतून?

(भिवंडी येथील अभ्यासवर्गात झालेले भाषण)



आरमाराचा विषय भिवंडीत अप्रस्तुत नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याच्या आरमाराचा आरंभ याच खाडीकाठी झाला. आज हे यंत्रमागांइतकेच गोदामांचे गाव आहे. माल वेळेवर पोचता करणे म्हणजे काय, हे येथल्या हमालाला शिकवावे लागत नाही. युद्धनौकांना रसद पुरवणारे जहाज हे असेच तरंगते गोदाम होय. इंधन, पाणी, शिधा, दारूगोळा त्याच्या पोटात असतो. भर समुद्रात दोन जहाजे थोडे अंतर राखून एकाच वेगाने समांतर चालतात आणि मधल्या तारेवरून सोडलेल्या नळीने तेल भरले जाते. ही सोय नसेल, तर लढाऊ नौकेला तेलासाठी वारंवार बंदर गाठावे लागते.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या. त्यांचा पल्ला अपुरा होता. म्हणून ताफ्याबरोबर ‘पोषक’ हे तेलवाहू जहाज होते. विजयाच्या कथांत ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ ही नावे येतात, ‘पोषक’ क्वचितच. श्रमाच्या प्रतिष्ठेचा आपल्याकडचा हिशेब समुद्रावरही निराळा नाही!

परंतु खरा प्रश्न अर्थकारणाचा आहे. क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेच्या मानाने रसदवाहू जहाज बांधणे सोपे. तरीही पहिली ‘दीपक’ (१९६७) आणि ‘शक्ती’ (१९७६) पश्चिम जर्मनीतून आल्या, ‘ज्योती’ (१९९६) रशियातून, आणि २०११ मधील नव्या ‘दीपक’ व ‘शक्ती’ इटलीतून. देशात बांधली गेली ती एकटी ‘आदित्य’, कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत. तिचे जलावतरण १९९३ साली झाले, नौदलात ती २००० साली आली. या दिरंगाईवर बोट ठेवून सार्वजनिक क्षेत्राला नालायक ठरवण्याची रीत आहे. पण एकच जहाज मागवायचे आणि पुढची मागणी परदेशी न्यायची, तर कारागिरांचा हात बसावा कसा? मागावरचे नवे कापडदेखील पहिल्याच ताग्यात साधत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला प्रत्येकी ४४,००० टनांच्या पाच जहाजांचे सुमारे १९,००० कोटी रुपयांचे काम मिळाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ साली पाया घातलेली आणि पुढे राष्ट्राच्या मालकीची झालेली ही गोदी. पाच जहाजांची एकत्र मागणी हे योग्य पाऊल आहे. मात्र त्यांपैकी दोन जहाजांची बांधणी लार्सन अँड टुब्रोच्या कट्टुपल्ली येथील खाजगी गोदीकडे गेली. सार्वजनिक गोदीची क्षमता वाढवण्याऐवजी काम वाटून देण्याचा हा मार्ग कोणाच्या सोयीचा, हे विचारले पाहिजे. या कामातून सुमारे १६९ लाख मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण होईल, असे सरकारने सांगितले होते. त्यांतले कायम कामगारांचे दिवस किती आणि कंत्राटदारांच्या हजेरीपटावरचे किती, याचा तपशील पक्षाच्या प्रतिनिधींनी संसदेत मागावा. गोदामांतील कंत्राटी मजुरी रोज पाहणाऱ्या भिवंडीच्या कार्यकर्त्यांनी तसा ठराव करून पाठवावा.